अठरा वर्षांच्या पोराला मस्टँग द्यावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे असं, की तुम्ही नाशिकचे, लेक नुकताच अठराचा झालाय, लायसन्स हातात आलंय, आणि त्याला एक २०१७ ची सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी दिसलीये, ती व्ही८ वाली, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची स्पोर्ट्स कार. पैशाची अडचण नाही, घरात तुमची फॉर्च्युनर आणि वहिनींची नेक्सॉन आहेच, पोरगा म्हणतो मी पंधराव्या वर्षापासून गाडी चालवतोय मला सगळं येतं, वहिनी नको म्हणतायत आणि तुमचं काही ठरत नाहीये. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. मस्टँग आत्ता नाही. दोन-अडीच वर्षांनी, मधली एक पायरी चढून झाली की खुशाल घ्या, मीच बघायला येईन. पण पहिली गाडी म्हणून नाही, आणि फॉर्च्युनरची चावीसुद्धा इतक्यात नाही, त्याचं कारण खाली सांगतो.

मी पुण्यात ड्रायव्हिंग शिकवतो. आधी साधं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं, आता बरीच वर्षं मुख्यतः लायसन्स झालेल्या लोकांनाच हायवे, घाट, रात्रीचं आणि पावसातलं ड्रायव्हिंग शिकवतो, त्यात तुमच्या लेकासारखी पोरं बरीच असतात. मला स्वतःला पॉवरवाल्या गाड्यांचं वावडं वगैरे नाहीये, उलट वेडच आहे, तेव्हा म्हातारा माणूस पोरांची मजा घालवतोय असं समजू नका.

आधी ते पंधराव्या वर्षापासूनचं. भाऊ, हे असं कुणाला अभिमानाने सांगू नका हो. २०१९ मध्ये मोटर वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं, त्यात अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालकच दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्सच नाही. तुमचं नशीब की काही झालं नाही. आणि दुसरं म्हणजे लेआउटमध्ये आणि फार्महाऊसच्या रस्त्यावर तीन वर्षं गाडी फिरवणं हा अनुभव नसतो, त्यात गाडी हलवायला येते, हात सफाईने फिरतात आणि त्या सफाईमुळेच पोराला वाटतं आपल्याला येतं. मला तर अगदी कोरा आलेला विद्यार्थी परवडतो, कारण तो घाबरून का होईना आरशात बघतो.

लायसन्सचं म्हणाल तर ते कशाचं सर्टिफिकेट आहे हेही बघा. आमच्याकडे पुण्यात भोसरीला आयडीटीआर ह्या ड्रायव्हिंग ट्रेनिंग संस्थेच्या ट्रॅकवर टेस्ट होते, वळणं, रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून परत काढणं, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वाईट टेस्ट नाहीये ती, पण तिथे समोरून उसाचा ट्रॅक्टर लाईट न लावता येत नाही, डिव्हायडरच्या फटीतून बाईकवाला आडवा निघत नाही. आणि टेस्ट छोट्या हॅचबॅकवर दिली तरी हातात येतं ते एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स, त्याच्यावर उद्या चारशे पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) मस्टँग चालवा नाहीतर साडेसात टनांपर्यंतचा मालवाहू टेम्पो चालवा, कायद्याला चालतं. आपल्याकडे मधली पायरीच नाहीये, ती घरच्यांनीच बांधायची असते.

आता मुद्द्याचं. नवीन ड्रायव्हरला नक्की काय येत नसतं? लोकांना वाटतं कंट्रोल, म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, क्लच. ते तर दोन महिन्यांत येतं, अठराव्या वर्षी हातपाय आपल्यापेक्षा जास्त चपळ असतात. येत नसतं ते बघणं. मी शेजारच्या सीटवर बसून रस्ता कमी आणि पोरांचे डोळे जास्त बघतो. नवीन पोराची नजर बॉनेटच्या पुढे पंधरा-वीस मीटरवर चिकटलेली असते, पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर. मुरलेला ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या काचेतून पलीकडची गाडी बघतो, बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एसटीच्या खालून पाय दिसतायत का बघतो, लांबवर कुणाचे ब्रेकलाईट लागले की काय झालं असेल ते कळायच्या आधी त्याचा पाय रेसवरून उठलेला असतो. ह्याला डोकं लागत नाही, हुशारी लागत नाही, नुसते किलोमीटर लागतात, वेगवेगळ्या रस्त्यांवरचे, दिवसाचे रात्रीचे पावसातले. तुमचा लेक कितीही हुशार असला तरी ते किलोमीटर त्याच्याकडे नाहीत, आणि ते त्याला शोरूममध्ये मिळणार नाहीत.

आणि ह्या सगळ्या बघण्याला वेळ लागतो. नवख्याला जास्त लागतो. हळू गाडी त्याला तो वेळ देते आणि पॉवरवाली गाडी तो वेळ त्याच्याकडून काढून घेते, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं ह्याचंच स्पष्टीकरण समजा.

थोडं गणित करू. ताशी १०० म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. काहीतरी आडवं आलंय हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, नवख्याचा जास्तच जातो, म्हणजे ४२ मीटर गाडी तशीच गेली. मग चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर अजून ४० एक मीटर. म्हणजे ८० च्या वर गाडी थांबली. आता तीच गाडी तोच रस्ता पण काटा १४० वर. दीड सेकंदात ५८ मीटर संपले. जिथे पहिली गाडी थांबून उभी राहिली होती त्या ठिकाणी ही दुसरी गाडी अजून ताशी ११५ च्या आसपास धावत असते. परत वाचा, १४० वरून फक्त ११५. पोरांना वाटतं ४० ने जास्त म्हणजे थोडी पुढे जाऊन थांबेल, तसं नसतं, ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हे मी पार्किंगच्या मोकळ्या जागेत कोन लावून कमी स्पीडला करून दाखवतो, ३० ला एकदा आणि ६० ला एकदा, आणि ६० ला गाडी कुठे थांबेल त्याचा अंदाज आधी करायला सांगतो. पोरं जवळजवळ नेहमीच कमी सांगतात.

तुम्ही म्हणाल १४० तर नेक्सॉनही जाते. जाते ना. पण नेक्सॉन १४० ला जाताना सांगते. इंजिन ओरडतं, वाऱ्याचा आवाज येतो, स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं, आणि तिथे पोचायला पाय दाबून वाट बघावी लागते, त्या वाट बघण्यात पोराला दोनदा विचार करायला वेळ मिळतो. मस्टँगला ८० वरून १४० ला जायला एक ओव्हरटेक पुरतो, ५ लिटरचं इंजिन, ४०१ पीएस, ५१५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे चाकं फिरवायचा जोर, तिला कष्टच नाहीत. काटा बघितला नाही तर कळतही नाही. आणि एकदा अर्धा तास १२० ने गेलं की कान आणि डोळे त्याला सरावतात, समृद्धीवरून सिन्नरला खाली उतरल्यावर ६० म्हणजे गाडी उभी आहे असं वाटतं, हे तुम्हालाही झालं असेल. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, रस्ता सरळ, गर्दी कमी, नवख्याला तो सोपा वाटतो आणि खरं म्हणजे तिथेच मेंदू झोपतो.

ओव्हरटेकचं तर विचारू नका. दोन पदरी रस्त्यावर, वणीवरून सापुताऱ्याकडे जाताना म्हणा, समोरचा १०० ने येतोय आणि तुम्ही १०० ने जाताय तर मधलं अंतर सेकंदाला ५५ मीटरने कमी होतं, पाच सेकंदात पावणेतीनशे मीटर खल्लास. पॉवरवाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद असतो की जास्त पॉवर म्हणजे ओव्हरटेक सेफ, पटकन निघून जाता येतं. हे खरं आहे, पण ज्याला समोरच्या गाडीचा वेग ओळखता येतो त्याच्यासाठी खरं आहे. नवख्याला तो ओळखता येत नाही, त्याला फक्त दिवा दिसतो, लांब का जवळ एवढंच कळतं. मग पॉवर हातात असली की तो छोट्या फटीत घुसतो जिथे स्विफ्टवाला घुसलाच नसता.

आता खास ह्या गाडीबद्दल. मस्टँगचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. आजकालच्या आपल्या बहुतेक गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना असते, त्यात वळणावर जास्त वेगाने शिरलात तर गाडी सरळ बाहेर जायला बघते, पोरगा घाबरून रेस सोडतो आणि बऱ्याचदा ती परत लाईनवर येते, म्हणजे घाबरल्यावर माणूस जे आपोआप करतो तेच जवळपास बरोबर ठरतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जड ताकदवान गाडीत ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच रेस दाबली की मागची चाकं पकड सोडतात आणि गाडीची शेपूट बाहेर येते, तिथे घाबरून एकदम रेस सोडून ब्रेक मारला तर वजन पुढे फेकलं जातं, मागचा भाग अजून हलका होतो आणि गाडी गोल फिरते. जे करायचं असतं, म्हणजे रेस अलगद कमी करणं आणि जिकडे शेपूट जातेय तिकडे स्टिअरिंग देणं, ते अर्ध्या सेकंदात आणि विचार न करता व्हावं लागतं. परदेशात गाड्यांच्या मेळाव्यांतून बाहेर पडताना मस्टँगवाले शायनिंग मारायला रेस देतात आणि फुटपाथवर चढतात, ह्याचे व्हिडिओ इतके आहेत की त्याचा विनोदच झालाय, लेकाला विचारा, त्याने नक्की बघितलेत.

ईएससी असते हो त्यात, मान्य. ती स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरंच कुठे चाललीये ते ताडून बघते, फरक पडला की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कापते, गेल्या तीस वर्षांत सीटबेल्टनंतरची सगळ्यात कामाची गोष्ट माझ्या मते हीच. पण ती टायरची पकड वाढवू शकत नाही, कसारा घाटात पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल आणि धुळीचा चिखल झालेला असतो तेव्हा पकडच नसेल तर ती तरी काय करणार. शिवाय मस्टँगमध्ये मोड असतात, नॉर्मल, स्पोर्ट, ट्रॅक वगैरे, ट्रॅकमध्ये ही मदत ढिली होते. अठरा वर्षांचा पोरगा मित्र बसलेले असताना ते बटण दाबणार नाही ह्याची खात्री मी तरी देणार नाही, आणि ट्रॅकचं नाव असलेलं बटण गंगापूर रोडवर दाबायचं नसतं हे त्याला माहीत असलं तरीही.

अजून एक गोष्ट डीलर सांगणार नाही. २०१७ च्या सुरुवातीला युरो एनकॅपने मस्टँगची क्रॅश टेस्ट घेतली तेव्हा तिला पाचपैकी दोन तारे मिळाले. समोरच्या टकरीत एअरबॅग डोकं नीट सावरण्याइतक्या फुगल्या नव्हत्या, मागच्या सीटच्या बेल्टला पुढच्यासारखी ओढून धरणारी यंत्रणा नव्हती, आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम नव्हती. नंतर फोर्डने सुधारणा केली, त्याच वर्षी सुधारलेल्या गाडीला तीन तारे मिळाले, पण तुम्ही बघताय ती आपल्याकडे आलेली २०१७ ची, म्हणजे आधीचीच समजून चाला. आणि मागे बसणार कोण? मित्र. दोन जण गुडघे पोटात घेऊन. म्हणजे सगळ्यात कमी संरक्षण असलेल्या जागी दुसऱ्यांची पोरं.

मित्र हा विषय पॉवरपेक्षा मोठा आहे खरं तर. एकटा पोरगा आणि गाडीत तीन मित्र असलेला तोच पोरगा हे दोन वेगळे ड्रायव्हर असतात. माझ्या शेजारी बसून अगदी शहाण्यासारखा चालवणारा पोरगा रात्री त्र्यंबक रोडवरून कसा येतो ते मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. मेंदूचा जो भाग थांब म्हणतो तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो असं डॉक्टर सांगतात, आणि मागून एकाने काय रे एवढंच का म्हटलं की जे काही पिकलेलं असतं तेही बाजूला राहतं. त्यात आवाज करणारी दोन दारांची लाल गाडी असली की सिग्नलवर शेजारचा खिडकी खाली करून बघणारच, म्हणजे डिवचणारे फक्त आत नसतात, बाहेरही असतात.

बाकीच्या देशांनी ह्यावर काय केलंय ते सांगतो, कारण ते आपल्याला घरी वापरता येतं. न्यूझीलंडने १९८७ मध्येच पायऱ्यांचं लायसन्स आणलं, तिथे मधल्या पायरीवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवायची नाही आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर मित्रमंडळी बसवायची नाहीत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स अशा राज्यांत नवीन ड्रायव्हरला, त्यांच्याकडे पी-प्लेटवाला म्हणतात, टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवायला बंदीच आहे. इटलीत तर अजून कडक, तिथे नवीन नियमात पहिली तीन वर्षं टनामागे ७५ किलोवॅट आणि एकूण १०५ किलोवॅटच्या वर जायचं नाही. तिकडे मेलबर्नला सेटल झालेले आपले मराठी लोक पोराला पहिली गाडी घेताना आधी हे बघतात आणि मग रंग बघतात.

हे टनामागे ताकदीचं माप मला फार आवडतं, कारण नुसते पीएस फसवतात. पीएसला ०.७३५ ने गुणलं की किलोवॅट येतात, त्याला गाडीच्या टनातल्या वजनाने भागायचं, झालं. मस्टँग जीटी म्हणजे २९५ किलोवॅट आणि पावणेदोन टन, उत्तर १६५ च्या पुढे, ऑस्ट्रेलियात बाद. फोक्सवॅगन व्हर्टसची जीटी, १५० पीएस, उत्तर ९० च्या आत, ऑस्ट्रेलियात चालेल इटलीत नाही. आय२० एन लाईन १२० पीएसची पण हलकी, तिचं उत्तर ८० च्या आसपास, तीही इटलीत बाहेर. वहिनींची नेक्सॉन पेट्रोल, तेच १२० पीएस पण जड, सत्तरच्या घरात, दोन्हीकडे पास. माझा स्वतःचा हिशोब असा आहे की पहिल्या वर्षी ७५ च्या आत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १०० पर्यंत, आणि १३० च्या वरचं काहीही पोराने रस्त्यावर तीन पावसाळे काढल्यावर. पावसाळे मोजायचे, वर्षं नाही.

लेक आता म्हणेल मग मस्टँग राहू दे, महिंद्राची बीई ६ घ्या, भारतीय आहे, पाच तारे आहेत, आवाजही नाही. हुशार आहे. गाडी सेफ आहे ह्यात वाद नाही, भारत एनकॅपमध्ये खरंच पाच तारे मिळालेत. पण मोठ्या बॅटरीवाली २८६ पीएसची आहे, मागच्या चाकांवर चालते, वजन दोन टनांच्या आसपास आणि शंभरला पोचायला ६.७ सेकंद. इलेक्ट्रिकमध्ये टॉर्क पहिल्या क्षणाला सगळाच्या सगळा मिळतो, गिअर नाही, आवाज नाही, म्हणजे मी मगाशी म्हटलं ना की गाडी सांगते, ती सांगणारी सगळी माणसंच इथे गप्प बसलेली असतात. १९ मे २०२४ च्या पहाटे आमच्या कल्याणीनगरला जे झालं ती गाडी पोर्शे टायकान, इलेक्ट्रिकच. सतरा वर्षांचा पोरगा, गाडीला कायमची नंबरप्लेटही नव्हती, बाईकवरचे दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. लोकांना त्यातला जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध लक्षात राहिलाय. माझ्या डोक्यात मात्र हे राहतं की कुठल्यातरी घरात कुणीतरी ती चावी हातात दिली होती, आणि त्या क्षणी त्यांनाही वाटलं असेल पोराला येतं चालवता.

फॉर्च्युनरबद्दल. ती पॉवरफुल वाटत नाही कारण आपण तिला स्पोर्ट्स कार म्हणत नाही, पण २०४ पीएस, ऑटोमॅटिक असेल तर ५०० न्यूटन मीटर, दोन टनांच्या वर वजन, शिडीसारख्या चासीवर उंच बसवलेली बॉडी. वरून बसल्यावर वेग कमी वाटतो आणि समोरचे आपोआप बाजूला होतात, ही दुसरी गोष्ट पोरासाठी जास्त वाईट, कारण त्याला वाटतं रस्ता असाच मोकळा होत असतो. एकदम चुकवायला स्टिअरिंग फिरवलं तर उंच गाडी कलते, नवख्याला ते सावरत नाही. ती तुम्हीच चालवा.

आणि उलटी चूकही करू नका. काही बाप म्हणतात पोराला शिकायला एखादी जुनी दीड लाखाची खटारा घेऊन देतो, ठोकली तर ठोकली. गाडीचं नुकसान कमी हो, पण ठोकण्याची शक्यता ज्याची सगळ्यात जास्त त्यालाच विनाएअरबॅग, विनाएबीएसच्या पत्र्यात बसवायचं, हे कुठलं शहाणपण? घरातली सगळ्यात सेफ गाडी घरातल्या सगळ्यात नवीन ड्रायव्हरला, हा माझा नियम. नेक्सॉन २०२३ च्या फेसलिफ्टनंतरची असेल तर सहा एअरबॅग आणि ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत, म्हणजे उत्तर तुमच्या पार्किंगमध्येच उभं आहे आणि वहिनींना एक नवीन गाडी घ्यायचं निमित्तही मिळालं. वेगळीच घ्यायची असेल तर नवी डिझायर बघा, ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे, सहा एअरबॅग, ८२ पीएस. पोराला ती टॅक्सी वाटेल, वाटू दे. नाहीतर स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं एक लिटरचं इंजिन, ११५ पीएस, दिसायला देखणी आणि चालवायला खरोखर मजेशीर, माझं मत विचाराल तर पोराचं मन आणि तुमची झोप दोन्ही सांभाळणारी हीच.

गाडी ठरली की मग अटी, आणि त्या आधीच बोलून घ्या, चावी दिल्यावर नाही. पहिले सहा महिने हायवेवर आणि घाटात शेजारी तुम्ही किंवा वहिनी, आणि शेजारी बसून मोबाईल बघायचा नाही, त्याचे डोळे कुठे आहेत ते बघायचं. रात्री दहानंतर एकट्याने नाही. मित्र एका वेळी एकच, मागे बसला तरी बेल्ट. दारूबाबत कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे पण तुमच्या घरची शून्य ठेवा, आणि त्याला स्पष्ट सांगा की कुठेही अडकला, कुणीही पिऊन गाडी चालवायला बसलं, तर रात्री तीनला फोन कर, मी येईन आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. हे शेवटचं बाप लोक विसरतात आणि पोरं मग ओरडा नको म्हणून नको त्या गाडीत बसतात. बऱ्याच नवीन गाड्यांच्या ॲपमध्ये स्पीड अलर्ट आणि हद्द आखून द्यायची सोय असते, ती लावा पण त्याला सांगून लावा, चोरून लावली तर तो फोन घरी ठेवायला शिकेल.

शिकवताना क्रम माझा असा असतो की आधी शहरात सकाळच्या गर्दीत, मग नाशिक-पुणे रोडला चंदनापुरी घाट दिवसा कोरड्यात, मग तोच घाट पावसात, मग रात्री, आणि समृद्धी सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात, मोकळा रस्ता म्हणून पहिल्याच आठवड्यात समृद्धीवर नेतात. घाटात एकच गोष्ट घोटून घ्या, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, ऑटोमॅटिक असेल तर खालच्या गिअरमध्ये टाकायला शिकवा, बऱ्याच जणांना त्या बटणांचा उपयोगच माहीत नसतो. चालवताना त्याला मोठ्याने बोलायला लावा, काय दिसतंय ते, डावीकडे रिक्षा थांबलीये दार उघडू शकतं, पुढे शाळा आहे, मागे ट्रक चिकटलाय. दहा मिनिटांत कळतं पोरगा किती बघतो. सुरुवातीला त्याला लाज वाटते, दोन आठवड्यांत सवय होते.

आणि वेगाची हौस आहे ना, ती खोटी नाहीये, ती दाबली तर मित्राच्या गाडीत भागवली जाईल. तिला जागा द्या. कार्टिंगला पाठवा, नुसतं मॉलच्या गच्चीवरचं नाही, कोल्हापूरला मोहितेंचा ट्रॅक आहे तिथे नीट शिकवून घेऊन कार्ट चालवता येते, मागची चाकं सुटली की काय करायचं हे शंभर ठोकळ्यांवर आपटून का होईना तिथे अंगात भिनतं, आणि जमिनीपासून दोन इंचावर बसल्यामुळे ६० चा वेग म्हणजे काय ते पहिल्यांदा खरं कळतं. आवड टिकली तर कोइम्बतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईचा ट्रॅक. माझ्याकडची दोन-तीन पोरं ट्रॅकवर गेल्यावर रस्त्यावर उलट हळू चालवायला लागली, कारण त्यांना कळलं की आपण किती फालतू आहोत. सगळ्यांचं तसं होत नाही, काही जण जास्त चेकाळतात हेही खरं, तेव्हा एकदा सोबत जाऊन बघा आपलं कुठल्या जातीचं आहे.

शेवटचं पैशाचं, तुम्ही अडचण नाही म्हणालात तरी. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली, मस्टँग तर आधीपासूनच बाहेरून आणलेली गाडी, तेव्हा एक हेडलाईट किंवा बंपर गेला तर पार्ट येईपर्यंत गाडी कव्हरखाली उभी राहील. खाली १३७ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, नाशिकचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. मागचे टायर पोराच्या उजव्या पायावर अवलंबून. इन्शुरन्सचा कागद नीट वाचा, लायसन्स नसताना किंवा पिऊन चालवली असेल तर स्वतःच्या गाडीचा क्लेम मिळत नाही, आणि आधीच्या मालकाने इंजिन रिमॅप केलं असेल, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली असेल, किंवा बाहेरचा एक्झॉस्ट टाकला असेल आणि कंपनीला कळवलं नसेल तर तिथेही अडवतात. व्ही८ घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी काहीतरी केलेलंच असतं, तेव्हा दोन-अडीच वर्षांनी जेव्हा खरंच बघायला जाल तेव्हा रिमॅपचं आधी विचारा, टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा कोड बघा, आणि टेस्ट ड्राइव्हला लेकाला नाही, मला बसवा. आत्ता टोकन दिलं असेल तर परत मागून घ्या.